अम्मींचा दस्तरखान

अम्मींनी हाताने शिवलेला पांढरा सुती दस्तरखान सालनाच्या डागांनी भरला होता. टाकवत नव्हता, पाहुण्यांपुढे पसरवतही नव्हता. म्हणून मीरा रोडच्या आमच्या दोन खोल्यांत तो घरच्याच रंगाने रंगवायला घेतला.

आधी हळदीच्या पाण्याने फुले काढली. रंग कापडावर फुटला, साबण लागताच लाल झाला आणि चार दिवसांच्या उन्हात उडाला. वर्गात हळदीचा कागद करून हेच मुलांना शिकवतो, घरी मात्र विसरलो!

मग कलमकारीची रीत धरली. हिरड्याची पूड कालवलेल्या दुधात कापड भिजवून वाळवले. दुधातल्या स्निग्धतेमुळे रेघ पसरत नाही. गंजके खिळे आणि गूळ पाण्यात वीस दिवस मुरवून गाळले. हे पाणी हिरड्यावर लागले की काळे होते, पातळ केले की राखी छटा मिळते. डागांवरून वेल फिरवली. धुईपर्यंत दुधाचा वास येतो, बहिणींनो, तेव्हा गॅलरीतच वाळवा.

लोखंडाचे पाणी घट्ट मात्र ठेवू नका, कापड विरते. एका पानापाशी आमचे विरले आहे. अम्मींना अजून दाखवलेले नाही.