कुलूप कुठे लावायचं?

शिकवणं सुटल्यावर मी स्वतःच विद्यार्थिनी झाले आणि प्रोग्रॅमिंग शिकू लागले, हे याच सदरात सांगितलं होतं. त्यातली फजिती सांगायची राहिली होती.

मंडळाच्या नोंदणीसाठी मी व्हिज्युअल बेसिकमध्ये छोटा प्रोग्रॅम केला. मराठी शाळा, सहल, दिवाळी असे तीन फॉर्म. नाव, फोन, मुलाची अ‍ॅलर्जी या चौकटी तिन्हींत सारख्याच, म्हणून एक मूळ फॉर्म करून बाकीचे त्याच्यापासून घेतले. यांना इन्हेरिटेड फॉर्म म्हणतात. मूळ फॉर्ममध्ये एक बदल करून प्रोग्रॅम पुन्हा बिल्ड केला की तिन्हीकडे तो बदल होतो. केवढी सोय!

दिवाळीच्या फॉर्मवर आकाशकंदिलाचं चित्र हवं होतं. जागा करायला मी अ‍ॅलर्जीची चौकट खाली ओढली, ती फॉर्मच्या कडेबाहेर गेली. वारशाने आलेली चौकट काढून टाकता येत नाही, पण सरकवता येते! फोनवर नोंदणी घेणाऱ्या काकांना ती दिसलीच नाही, त्यांनी विचारलंही नाही. दिवाळीला हॉलच्या दारात एक आई म्हणाली, "ताई, चिवड्यात शेंगदाणे आहेत ना? याला चालत नाहीत. फोनवर कुणी काही विचारलंच नाही." पोराच्या हातात द्रोण होता. नशीब, अजून खाल्लं नव्हतं.

घरी येऊन शोधलं. प्रत्येक चौकटीला 'मॉडिफायर्स' नावाचा गुणधर्म असतो. सी शार्पमध्ये तो आपोआप 'प्रायव्हेट' असतो, व्हिज्युअल बेसिकमध्ये 'फ्रेंड'. म्हणजे त्याच प्रोजेक्टमधल्या इन्हेरिटेड फॉर्मना सगळं उघडं. मी तो कधी पाहिलाच नव्हता. शाळेत प्रश्नपत्रिकेचा नमुना वरून यायचा. त्यावर शाळेचं नाव आपण घालायचं, गुणांची विभागणी बदलायची नाही. हे मुलांना वर्षानुवर्षं सांगणारी मी!

अ‍ॅलर्जीची चौकट 'प्रायव्हेट' केली आणि प्रोग्रॅम बिल्डच होईना. चौकट सरकवल्याची जुनी ओळ दिवाळीच्या फॉर्मच्या कोडमध्ये बसून होती, आणि आता तिला त्या चौकटीला हात लावायची परवानगी नव्हती. ती ओळ काढली तेव्हा चौकट जागेवर आली. डिझायनरमध्ये तिच्या कोपऱ्यात आता कुलपाची खूण दिसते, ती ओढून हलत नाही. तिच्यात भरलेलं मात्र दिवाळीच्या फॉर्मला वाचता यायला हवं, म्हणून मूळ फॉर्ममध्ये फक्त वाचता येणारी 'प्रोटेक्टेड' प्रॉपर्टी लिहिली. शीर्षक 'प्रोटेक्टेड' ठेवलं, ते प्रत्येक फॉर्मवर वेगळं लागतंच. फोनच्या चौकटीवर अजून माझा आणि काकांचा वाद चालू आहे. त्यांना ती मोठी हवी.

यंदा त्याच आईचा फोन आला, तेव्हा काकांनी नावाच्या आधी शेंगदाण्यांचं विचारलं.