पावसाची खतावणी

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच चोवीस तासांत कुलाब्याला अवघा ७३. आता समजा, आदल्या दिवशी कोणी ‘मुंबईत जोरदार पाऊस’ एवढेच भाकीत केले असते, तर ते बरोबर म्हणायचे की चूक? कुलाबेकराने मान डोलावली असती. कुर्ल्यात गळ्यापर्यंत पाण्यात उभ्या असलेल्या माणसाने काय म्हटले असते, ते इथे छापता येणार नाही!

संगणकाचे प्रारूप जमिनीचे चौकोन पाडते आणि चौकोनाला एकच आकडा देते. हवामान खात्याने मे २०२५ मध्ये वापरात आणलेल्या ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’मध्ये हा चौकोन ६ किलोमीटरचा आहे, पूर्वी तो १२ किलोमीटरचा होता. प्रगती खरीच. पण छत्तीस चौरस किलोमीटरची सरासरी ताडून पाहायची ती ताटलीएवढ्या तोंडाच्या पर्जन्यमापकाशी! शिवाय ठाण्याला सांगितलेला पाऊस मुलुंडला पडला, की चूक दोनदा मांडली जाते. ठाण्याला एकदा, मुलुंडला एकदा. म्हणून शास्त्रज्ञ हल्ली नेमका चौकोन न धरता आजूबाजूचा परिसरही तपासतात.

टक्केवारीने तर भुलूच नये. अमेरिकी लष्करातल्या सार्जंट जॉन फिन्ली यांनी १८८४ मध्ये चक्रीवातांची २,८०३ भाकिते केली. ९६ टक्क्यांहून अधिक बरोबर निघाली. टीकाकारांनी दाखवून दिले, की ‘वादळ नाही’ एवढेच रोज म्हटले असते तर ९८ टक्के गुण मिळाले असते! प्रत्यक्षात आलेल्या ५१ वादळांपैकी फिन्लींनी २८ पकडली होती. बघायचा आकडा हा. बँकेत हयात गेलेल्या माणसाला हे सांगावे लागत नाही. हजार कर्जे सुरळीत फिटतात, शाखा बुडते ती पाच-सहांमुळे.

रेड अलर्ट आला की शाळा बंद, हातावर पोट असलेल्याचा रोज बुडतो, आणि दुपारी लख्ख ऊन पडले की पुढच्या इशाऱ्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही. २००५ नंतर महापालिकेने शहरभर स्वयंचलित पर्जन्यमापक बसवले आहेत. तेव्हा दर ऑक्टोबरात वॉर्डवार तीन रकाने छापावेत, साध्या मराठीत: खरे ठरलेले इशारे, फुकट गेलेले इशारे आणि इशाऱ्याविना कोसळलेला पाऊस. तिसरा रकाना आधी वाचायला मिळाला तर उत्तम.