वनातील पाहुणे

मुंबई म्हटले की उंच इमारती, धावत्या आगगाड्या आणि माणसांचा अथांग समुदाय डोळ्यांपुढे उभा राहतो. परंतु याच महानगराच्या उत्तर भागात, बोरिवलीच्या बाजूस, शंभर चौरस किलोमीटरांहून अधिक क्षेत्रावर पसरलेले एक अरण्य आहे. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान हे त्याचे नाव. तेथे बिबटे मोकळेपणाने संचार करतात, चितळ व सांबर चरतात, आणि विहार व तुळशी या दोन तलावांतून मुंबईला थोडेफार पाणीही मिळते. सुटीच्या दिवशी शहराच्या गजबजाटाला कंटाळलेले असंख्य लोक या वनाकडे धाव घेतात. त्यांच्यासाठी वनात निवारे, पाणपोया, बाके व शौचालये बांधावीत काय, आणि बांधावयाची तर कोठे व किती, हा प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक नाही.

काहींच्या मते वनात एक वीटही रचू नये. वन हे वन्य प्राण्यांचे घर आहे. माणसाने तेथे सुखसोयींची अपेक्षा करावीच कशाला, असे ते विचारतात. या म्हणण्यात तथ्य आहे, परंतु ते अपुरे आहे. पाऊस कोसळू लागला किंवा ऊन तापले, तर धडधाकट तरुण कसाही वेळ काढील. गुडघे दुखणारी आजी, तान्हे मूल कडेवर घेतलेली माता किंवा कुबड्यांच्या आधाराने चालणारा मुलगा यांनी काय करावे? शौचालय नसेल, तर स्त्रियांना घरीच राहावे लागते. ज्या वनात केवळ बलवानांनाच पाऊल टाकता येते, ते वन सर्वांचे कसे म्हणावे? शिवाय सोय नसली म्हणून माणसांच्या गरजा थांबत नाहीत. मग ओढ्याकाठी घाण होते आणि झुडपांत रिकाम्या बाटल्या साचतात.

याच्या उलट, काहींना वनात सारेच हवे असते. उपाहारगृहे, रात्रीचा झगझगाट, फरसबंद रस्ते आणि मोटारींचे तळ यांची ते मागणी करतात. तिचे परिणाम मात्र दूरवर जातात. जेथे खाद्यपदार्थ विकले जातात, तेथे उष्टे पडते; उष्ट्यावर भटकी कुत्री जमतात; आणि कुत्रा हे बिबट्याचे सोपे भक्ष्य असल्यामुळे त्याच्या मागोमाग बिबट्याही माणसांच्या वस्तीजवळ येतो. मग माणूस आणि बिबट्या या दोघांच्याही जिवावर बेतते. रात्रीच्या दिव्यांनी कीटकांचा व पाखरांचा जीवनक्रम बिघडतो. झाडाच्या बुंध्याभोवती सिमेंट ओतले, तर मुळांना पाणी व हवा मिळेनाशी होते आणि ज्या सावलीसाठी बाक मांडले, ती सावलीच काही वर्षांनी नाहीशी होते.

या दोन टोकांमधला मार्ग काढण्यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. याच उद्यानात कान्हेरीची लेणी आहेत. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीपासून पुढे कित्येक शतके बौद्ध भिक्षूंनी येथे शंभराहून अधिक लेणी कोरली. त्यांनी डोंगर कोरला हे खरे, परंतु गरजेपलीकडचा पसारा मांडला नाही. लेण्यांजवळ पावसाचे पाणी साठविणारी टाकी, बसावयास दगडी बाके आणि चढण्यास कोरीव पायऱ्या एवढ्यावर त्यांनी पावसाळे आणि उन्हाळे काढले. पाणी, छाया आणि क्षणभर विसावा यांपेक्षा वनात आलेल्या माणसाला खरोखर अधिक ते काय हवे असते?

महाराष्ट्राच्या खेड्यांनाही ही जाण जुनीच आहे. सह्याद्रीच्या कुशीत, कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिम भागातही, देवराया आढळतात. तेथे देवाचे लहानसे देऊळ असते. भोवतालच्या राईला मात्र कुऱ्हाड लावावयाची नाही, असा दंडक असतो. गावोगावच्या वडांना बांधलेले पार हेही वाटसरूंचे निवारेच होत. त्यांत झाड हेच छप्पर असते. माणूस फक्त बसण्याची जागा करतो.

मुंबईतच माहीमजवळ, मिठी नदीच्या काठी, महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे. तेथे पूर्वी शहराचा कचरा टाकला जात असे. त्या ढिगाऱ्यांवर माती घालून झाडे लावण्यात आली, आणि १९९४ साली हे उद्यान लोकांसाठी खुले झाले. तेथे आज शाळांतील मुले झाडे, फुलपाखरे आणि पक्षी पाहावयास येतात. उकिरड्याचे वन होऊ शकते. परंतु निष्काळजीपणा झाला, तर वनाचा उकिरडा होण्यास त्याहून कितीतरी कमी काळ लागतो.

हा विचार केवळ मुंबईपुरता नाही. कबनूर हे हातकणंगले तालुक्यातील गाव इचलकरंजीला अगदी लागून आहे. या परिसरात यंत्रमागांचा खडखडाट असतो. अशा गावांना चार झाडांची शांत जागा मुंबईइतकीच हवी असते. अशी जागा राखावयाची झाल्यास आधी झाडे, मग पायवाट आणि शेवटी बांधकाम, हाच क्रम योग्य ठरेल. शौचालय व पाणपोई प्रवेशद्वारापाशी असावीत. आतील निवारे लहान व मोजके असावेत, आणि एखाद्या जागी झाड आधीच सावली देत असेल, तर तेथे छप्पर घालूच नये. खाद्यपदार्थांची विक्री वनाच्या बाहेर व्हावी. दिवस मावळला की दिवेही मालवावेत आणि रात्र वनवासीयांना परत द्यावी.

घरी आलेल्या पाहुण्याला पाणी देणे आणि बसावयास सांगणे हा यजमानाचा धर्म होय. परंतु पाहुण्यालाही धर्म असतो. यजमानाच्या भिंती पाडून तो स्वतःसाठी दालने बांधीत नाही, आणि उठताना आपले उष्टे मागे ठेवीत नाही. वनात माणूस पाहुणा आहे, आणि तेथे बांधल्या जाणाऱ्या प्रत्येक निवाऱ्याची लांबीरुंदी ठरविताना या गोष्टीचे भान सुटता कामा नये.