लोणारची लेव्हल

बुलडाणा जिल्ह्यातल्या उंद्रीच्या बसस्टँडवर पोरं मोबाइल आडवा धरून बसतात. चिखलीची गाडी येईपर्यंत एखादा डाव होतोच. पब्जीतल्या ‘एरँगल’ या काल्पनिक बेटाचा कोपरान् कोपरा त्यांना पाठ. आपल्याच जिल्ह्यातलं लोणार मात्र शाळेच्या सहलीपुरतं!

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं 2020 मध्ये वेगळी वाट दाखवली. त्यांच्या ‘राजी’ या गेममध्ये धाकट्या भावाच्या शोधात निघालेली मुलगी राजस्थानी धाटणीच्या गडमहालांतून वाट काढते. दुर्गा आणि विष्णू सूत्रधार, मधले प्रसंग छायाबाहुल्यांचे. 2017 मध्ये किकस्टार्टरवर मागितलेला निधी जमला नव्हता. मंडळी हटली नाहीत. पुढे ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या गेमसाठी नामांकनही मिळालं.

गेम बनवणाऱ्याची सहलच निराळी. लोक सेल्फी काढतात. तो पायरीची उंची बघतो, सावली कुठे पडते, दबा धरायला जागा कुठे, हे हेरतो. अशा डोळ्यांना बुलडाणा जिल्हा म्हणजे घबाड. लोणारला उल्केच्या आघातानं बेसॉल्टमध्ये पडलेलं जवळपास 1.8 किलोमीटर व्यासाचं विवर, तळाशी खारं पाणी (जून 2020 मध्ये ते चक्क गुलाबी झालं होतं), गावात दैत्यसूदनाचं कोरीव मंदिर. शिवाय सिंदखेडराजाची पुतळाबारव.

यातून गेम बनवायला गोडोसारखं गेम-इंजिन फुकट मिळतं. संगणक मात्र लागतो, आणि तो शाळेच्या कपाटात कुलूपबंद असून भागत नाही.

तेव्हा पालकांनो, या सुट्टीत लोणारला जाल तर पोरांचा मोबाइल हिसकावू नका. त्यावर मंदिराच्या खांबांचे फोटो काढायला लावा.