विश्लेषण : फाइल लहान करणाऱ्या ‘एक्सझेड’मधून सर्व्हरला धोका कसा निर्माण झाला?

फाइल लहान करून देणाऱ्या प्रोग्रामची सहसा बातमी होत नाही. २९ मार्च २०२४ रोजी मात्र झाली. लिनक्सवर चालणाऱ्या बहुतेक संगणकांमध्ये असणाऱ्या ‘एक्सझेड’ या छोट्या प्रोग्रामच्या दोन नव्या आवृत्त्यांमध्ये जाणूनबुजून चोरवाट ठेवल्याचे त्या दिवशी उघड झाले. ती वेळीच सापडली नसती, तर जगभरातील असंख्य सर्व्हरमध्ये शिरण्याची किल्ली एका अज्ञात व्यक्तीच्या किंवा गटाच्या हाती गेली असती. अभियांत्रिकीचे विद्यार्थी दहा मिनिटांत शिकतात असा हा प्रोग्राम नेमका काय आहे, तो कसा वापरतात, त्यात घुसखोरी कशी झाली आणि त्यानंतर काय बदलले, याविषयी…

‘एक्सझेड’ म्हणजे काय?

मोबाइलवर किंवा विंडोजवर ‘झिप’ फाइल बहुतेकांनी पाहिलेली असते. ‘एक्सझेड’ त्याच कुळातला. फरक इतकाच की त्याला खिडकी नाही, बटणे नाहीत. टर्मिनलच्या काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करायची, एंटर दाबायचे आणि फाइल लहान होते. अशा पद्धतीला ‘कमांड लाइन’ म्हणतात. सर्व्हर बहुधा दुसऱ्या शहरात किंवा दुसऱ्या देशात असतो, त्याला पडदाही जोडलेला नसतो. त्यामुळे तिथले काम असेच चालते.

या कुळात १९९२ मध्ये आलेला ‘जीझिप’ आणि १९९६ मधला ‘बीझिप२’ हे थोरले. इगोर पावलोव्ह यांच्या ‘सेव्हन-झिप’मध्ये वापरलेले ‘एलझेडएमए’ हे तंत्र त्यानंतरचे. ते लिनक्सच्या जगात रुळवण्याचे काम फिनलंडचे लासे कॉलिन यांनी केले. त्यातून ‘एक्सझेड’ आकाराला आला. सर्वसाधारण फाइल ‘जीझिप’पेक्षा सुमारे ३० टक्क्यांनी लहान होते, असा या प्रकल्पाचा दावा आहे. लिनक्सच्या गाभ्याचा स्रोत कोड आणि डेबियनसारख्या प्रणालींची असंख्य पॅकेजेस याच स्वरूपात मिळतात.

फाइल लहान होते कशी?

अब्राहम लेम्पेल आणि जेकब झिव्ह या इस्रायली संशोधकांनी १९७७ मध्ये मांडलेली कल्पना आजही बहुतेक प्रोग्रामच्या मुळाशी आहे. एखाद्या शासन निर्णयात ‘महाराष्ट्र शासन’ हे शब्द ४० वेळा येत असतील, तर ते ४० वेळा लिहिण्याची गरज नाही. पहिल्यांदा पूर्ण लिहायचे आणि पुढे प्रत्येक ठिकाणी ‘इतके मागे जा, तिथून इतकी अक्षरे उचल’ एवढीच खूण ठेवायची. फाइल उघडताना या खुणांवरून मूळ मजकूर एकही अक्षर न गमावता परत उभा राहतो.

मराठी मजकुराच्या बाबतीत याचा चांगला फायदा होतो. आज प्रचलित असलेल्या युनिकोडच्या ‘यूटीएफ-८’ पद्धतीत इंग्रजी अक्षराला १ बाइट लागतो, तर देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३. मात्र या तिनांपैकी पहिला बाइट सगळीकडे सारखा असतो आणि दुसऱ्याला दोनच पर्याय असतात. अशी पुनरावृत्ती या प्रोग्रामच्या पथ्यावर पडते. याउलट मोबाइलमधील फोटो आणि व्हिडिओ आधीच आकुंचित स्वरूपात साठवलेले असतात. त्यामुळे त्यांची झिप करूनही जागा फारशी वाचत नाही.

शिकताना कुठे गोंधळ होतो?

वापर सोपा आहे. ‘एक्सझेड’ लिहून पुढे फाइलचे नाव दिले की काम सुरू. पण नवशिक्यांना काही सवयी दगा देतात. ‘झिप’ केल्यावर मूळ फाइल जागच्या जागी राहते. ‘एक्सझेड’ मात्र काम पूर्ण होताच मूळ फाइल काढून टाकतो आणि फक्त लहान केलेली ठेवतो. मूळ फाइलही हवी असेल तर आज्ञेत हायफन आणि ‘के’ जोडावे लागते. फाइल पुन्हा उलगडण्यासाठी ‘डी’, ती शाबूत आहे का हे तपासण्यासाठी ‘टी’.

दुसरा गोंधळ फोल्डरचा. ‘एक्सझेड’ एका वेळी एकेक फाइल लहान करतो, फोल्डर दिला तर तो सरळ वगळतो. म्हणून आधी ‘टार’ या प्रोग्रामने सगळ्या फायलींचे एक गाठोडे बांधायचे आणि मग ते लहान करायचे. ‘टार’ला हायफन आणि मोठा ‘जे’ दिला की दोन्ही कामे एकदम होतात.

तिसरा मुद्दा पातळीचा. ० ते ९ अशा पातळ्या आहेत. काही न सांगितल्यास ६ धरली जाते आणि त्या पातळीवर फाइल लहान करायला सुमारे ९४ मेगाबाइट मेमरी लागते. ९ वर ती सुमारे ६७४ मेगाबाइटवर जाते. लहान फायलींना मात्र ९ चा काही फायदा मिळत नाही. मोठ्या फाइलवर काम सुरू असताना पडद्यावर काहीच दिसत नाही, त्यामुळे संगणक अडकला असे वाटून अनेक जण मध्येच काम थांबवतात. ‘व्ही’ जोडला की प्रगती दिसू लागते. एवढे जमले की प्रोग्राम आला, असे मानले जाते. तो कोण चालवतो, हा प्रश्न अभ्यासात कुठेच येत नाही. घुसखोराने नेमका तिथेच हात घातला.

घुसखोरी कशी झाली?

‘एक्सझेड’ ओपन सोर्स आहे, म्हणजे त्याचा कोड कुणीही पाहू शकतो आणि सुधारणा सुचवू शकतो. मात्र ती सुधारणा स्वीकारायची की नाही, हे देखभाल करणारा ठरवतो. येथे ती व्यक्ती म्हणजे एकटे लासे कॉलिन. वर्षानुवर्षे, बिनपगारी, फावल्या वेळात.

२०२१ मध्ये ‘जिया टॅन’ या नावाने एक खाते पुढे आले आणि छोट्या, उपयुक्त सुधारणा पाठवू लागले. २०२२ मध्ये आणखी काही खात्यांनी कॉलिन यांच्यामागे तगादा लावला. त्यात ‘जिगर कुमार’ हे भारतीय वाटणारे नावही होते. काम रखडते आहे, दुसऱ्या कुणाकडे तरी सोपवा, असा त्यांचा सूर होता. मानसिक आरोग्याच्या दीर्घकालीन अडचणींमुळे आपल्याकडून पुरेसे काम होत नाही आणि हा विनामोबदला छंद आहे, याची जाणीव ठेवावी, असे कॉलिन यांनी जाहीरपणे लिहिले होते. तरीही दबाव थांबला नाही. हळूहळू जिया टॅनकडे अधिकार आले आणि २०२३ पासून तो नव्या आवृत्त्याही प्रसिद्ध करू लागला. तगादा लावणारी खाती नंतर दिसेनाशी झाली. ती बनावट असावीत, असा तज्ज्ञांचा कयास आहे. जिया टॅन ही खरी व्यक्ती आहे की एखाद्या देशाच्या यंत्रणेने पोसलेला गट, हे सिद्ध झालेले नाही. नावावरून देश ओळखण्यात तर काहीच अर्थ नाही.

चोरवाट कुठे लपवली होती?

असे प्रोग्राम खराब फायली नीट हाताळतात का, हे तपासण्यासाठी मुद्दाम बिघडवलेल्या चाचणी-फायली सोबत ठेवलेल्या असतात. त्या वाचून कुणाला काही कळत नाही, आणि कळावे अशी अपेक्षाही नसते. घातक कोड अशाच फायलींमध्ये दडवला होता. तो बाहेर काढून प्रोग्राममध्ये मिसळणारी ओळ सर्वांना दिसणाऱ्या कोडमध्ये नव्हतीच, ती फक्त वितरणासाठी बांधलेल्या गाठोड्यात होती. २४ फेब्रुवारी २०२४ ची ५.६.० आणि ९ मार्चची ५.६.१ या त्या दोन आवृत्त्या.

लक्ष्य मात्र फाइल लहान करणे हे नव्हतेच. दूरच्या सर्व्हरवर सुरक्षितपणे लॉगिन करण्यासाठी ‘ओपन-एसएसएच’ वापरतात. तो स्वतः ‘एक्सझेड’वर अवलंबून नाही. पण काही लिनक्स प्रणालींनी त्यात केलेल्या बदलामुळे ‘सिस्टमडी’चा भाग त्यात येतो आणि त्याच्यामागोमाग ‘एक्सझेड’चा. कुलूप बनवणाऱ्याने कितीही काळजी घेतली, तरी बिजागरी दुसऱ्याच कारखान्यातून आलेली असावी, तसा हा प्रकार. ठरावीक गुप्त किल्ली असलेल्याला पासवर्डशिवाय त्या सर्व्हरवर हवी ती आज्ञा चालवता आली असती. या त्रुटीला गांभीर्याच्या मोजपट्टीवर १० पैकी १० गुण देण्यात आले.

ती सापडली कशी?

कोणत्याही सुरक्षा यंत्रणेने ती पकडली नाही. मायक्रोसॉफ्टमध्ये काम करणारे आणि ‘पोस्टग्रेस’ या डेटाबेसच्या विकासकांपैकी एक असलेले आंद्रेस फ्रॉइंड वेगळ्याच कामासाठी संगणकाच्या वेगाचे मोजमाप करत होते. एरवी सुमारे ०.३ सेकंदात होणाऱ्या लॉगिन प्रक्रियेला सुमारे ०.८ सेकंद लागत असल्याचे त्यांना दिसले. अर्धा सेकंद कुठे जातो, याचा माग काढत ते ‘एक्सझेड’पर्यंत पोहोचले आणि २९ मार्चला, गुड फ्रायडेच्या दिवशी, त्यांनी सारे जाहीर केले.

तोवर या आवृत्त्या फेडोरा, डेबियन, ओपनसुसे यांच्या चाचणीच्या किंवा सतत बदलत्या शाखांमध्ये पोहोचल्या होत्या. सर्व्हरसाठी वापरल्या जाणाऱ्या बहुतेक स्थिर शाखा मात्र त्यांपासून दूर होत्या. उबुंटूच्या २४.०४ या आवृत्तीची बीटा आठवडाभर लांबवून तिचे सर्व भाग नव्याने बांधण्यात आले. कॉलिन यांनी पुन्हा सूत्रे हाती घेतली आणि मे २०२४ अखेरीस स्वच्छ केलेली ५.६.२ आवृत्ती दिली.

त्यानंतर काय बदलले?

युरोपीय संघाचा ‘सायबर रेझिलियन्स ॲक्ट’ डिसेंबर २०२४ मध्ये अमलात आला. त्याच्या मुख्य तरतुदी डिसेंबर २०२७ पासून लागू होतील. उत्पादनात वापरलेल्या घटकांची, त्यात ओपन सोर्सही आले, योग्य पडताळणी करण्याची जबाबदारी त्याने उत्पादक कंपन्यांवर टाकली आहे. फुकट काम करणाऱ्या विकासकावर ती टाकलेली नाही. भारतात ‘सेबी’ने ऑगस्ट २०२४ च्या सायबर सुरक्षा आराखड्यात सॉफ्टवेअरमधील घटकांच्या यादीचा आग्रह धरला. ‘सर्ट-इन’ने ऑक्टोबर २०२४ मध्ये अशा यादीबाबत तांत्रिक मार्गदर्शक सूचना काढल्या. औषधाच्या वेष्टनावर घटक छापतात, तशीच ही यादी.

यादीचा उपयोग नक्कीच आहे. अशी वेळ पुन्हा आली तर कोणत्या सर्व्हरवर कोणती आवृत्ती आहे, हे तासाभरात कळेल. पण यादीत ‘एक्सझेड ५.६.१’ असे दिसले असते, त्यामागचा एकमेव माणूस थकला आहे, हे दिसले नसते. डिजिटल स्वाक्षरीनेही काम भागले नसते. त्या दोन्ही आवृत्त्यांवर जिया टॅनची स्वाक्षरी होती आणि ती अस्सलच होती. फाइल कुणी दिली हे स्वाक्षरी सांगते, देणाऱ्याच्या मनात काय आहे हे नाही.

त्यामुळे खरा प्रश्न पैशांचा आणि माणसांचा उरतो. जर्मनीने २०२२ मध्ये अशा पायाभूत सॉफ्टवेअरसाठी सरकारी निधी सुरू केला. भारतात ‘झिरोधा’ने ऑक्टोबर २०२४ मध्ये ओपन सोर्स प्रकल्पांसाठी वर्षाला १० लाख डॉलरचा निधी जाहीर केला. ज्यांचा सगळा व्यवसाय या सॉफ्टवेअरवर उभा आहे, त्या मोठ्या कंपन्यांच्या उलाढालीपुढे या रकमा किरकोळ आहेत.

सामान्य वापरकर्त्याने काय करावे?

मोबाइल वापरणाऱ्याने वेगळे काही करण्याची गरज नाही. वेळच्या वेळी अपडेट घेणे पुरेसे. लिनक्स वापरणाऱ्यांनी आज्ञेसोबत ‘व्हर्जन’ हा पर्याय देऊन आवृत्ती पाहावी. ५.६.० किंवा ५.६.१ दिसल्यास आपल्या प्रणालीची सूचना वाचून ती बदलावी. प्रोग्राम अनोळखी संकेतस्थळावरून न घेता प्रणालीच्या अधिकृत भांडारातूनच घ्यावा. संगणक शिकणाऱ्यांनी आणि शिकवणाऱ्यांनी आणखी एक सवय लावून घ्यायला हवी. नवा प्रोग्राम हाती घेताना त्याची देखभाल किती जण करतात आणि त्यांना त्याचा मोबदला मिळतो का, हे पाहायचे. ‘एक्सझेड’च्या बाबतीत उत्तर ‘एक’ आणि ‘नाही’ असे होते, आणि ते सर्वांना दिसेल अशा ठिकाणीच लिहिलेले होते. ते नीट वाचले फक्त घुसखोराने.