घरात चालतो म्हणून गृहउद्योग?

पापड लाटणारी, विड्या वळणारी, ठेकेदाराच्या कपड्यांना काज-बटण करणारी, अशा सगळ्याच बायकांच्या घरातल्या कामाला आपण सर्रास गृहउद्योग म्हणतो. पण उद्योग म्हटला की माल कोणाचा, दर कोण ठरवतो आणि नफा कोणाकडे जातो, हे आधी पाहायला हवे. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन लिज्जत पापडाचे काम सुरू केले. तिथे मळलेले पीठ संस्थेच्या केंद्रातून मिळते, सभासद ‘बहिणी’ घरी पापड लाटून आणून देतात आणि लाटण्याचे पैसे घेतात. वरवर पाहता ही मजुरीच. पण प्रत्येक बहीण संस्थेची सहमालक आहे, नफ्यातोट्यात तिचा वाटा आहे. सोलापुरातल्या विडी कामगार बाईला पाने-तंबाखू कारखान्याकडून मिळतात, हजार विड्यांमागचा दर तिच्या हातात नसतो आणि नापास झालेल्या विड्यांचा भुर्दंड मात्र तिच्याच माथी येतो. ती उद्योजिका नाही, कामगार आहे.

हे १९६६च्या विडी-सिगार कामगार कायद्याने मान्य केले. घरी विड्या वळणारीही त्यात कामगार ठरली आणि १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा वैध ठरवला. काज-बटण करणारीच्या वाट्याला असा स्वतंत्र कायदा कधी आलाच नाही. तिला कर्जाच्या योजना सांगितल्या जातात. पण जिच्याकडे विकायला स्वतःचा मालच नाही, तिने कर्ज घेऊन करायचे काय? सरकारी व्याख्याही इथे कामी येत नाही. एप्रिल २०२५पासून अडीच कोटींपर्यंत गुंतवणूक आणि दहा कोटींपर्यंत उलाढाल असलेला प्रत्येक उद्योग ‘सूक्ष्म’ आहे. त्या मोजपट्टीत मालकी कुठे दिसतच नाही.

यावर आक्षेप येतो, की कायदा लावला तर ठेकेदार काम दुसरीकडे नेईल आणि मुलेबाळे सांभाळून मिळणारे चार पैसेही जातील. ही भीती खोटी नाही. कारखान्यातून घराघरांत काम नेऊन कायदा चुकवल्याची उदाहरणे विडीधंद्यातच आहेत. पण म्हणूनच संरक्षण एका धंद्यापुरते न ठेवता घरी काम देणाऱ्या प्रत्येकाला लागू करायला हवे. मग पळवाट उरणार नाही. आणि विडीचा कायदा आल्यावरही सोलापुरात घरोघरी विड्या वळणे कित्येक दशके चालूच राहिले. राज्य सरकारने घरी काम देणाऱ्या प्रत्येक ठेकेदाराला कामगार बायकांची नोंदवही आणि किमान दर बंधनकारक करावेत.