जोडीची किटली



‘मुलं मोठी झाली, आता वेळच वेळ आहे, पण चाळिशीत नवीन काय शिकणार?’ असं एका वाचक भगिनीने विचारलं आहे. उत्तरादाखल एका किटलीची गोष्ट सांगते.

बिॲट्रिस वूड ह्या १८९३ साली सॅन फ्रान्सिस्कोला जन्मलेल्या बाई. घर श्रीमंत. आईशी भांडून त्या पॅरिसला चित्रकला नि नाटक शिकल्या. १९१७ साली न्यूयॉर्कला मार्सेल द्युशाँ या बंडखोर चित्रकारासोबत त्यांनी एक छोटंसं मासिकही काढलं. पुढे १९३० साली कृष्णमूर्तींची व्याख्यानं ऐकायला त्या हॉलंडला गेल्या. तिथे त्यांनी धातूसारखी झळाळी असलेल्या बशा घेतल्या. पण जोडीची किटली काही मिळेना! मग आपणच करू म्हणून १९३३ साली, म्हणजे बरोबर चाळिशीत, हॉलिवूडच्या एका शाळेतल्या प्रौढांच्या वर्गात त्यांनी नाव घातलं. किटली काही लगेच जमली नाही, पण मातीचा नाद लागला तो कायमचा.

नाट्झलर दांपत्याकडे त्या पुढचं शिकल्या. झिलईतच धातूचे क्षार मिसळायचे आणि भट्टीत प्राणवायू कमी पडू द्यायचा, की भांड्यावर सोनेरी, मोरपंखी झाक उतरते. पुन्हा तीच छटा येईलच असं मात्र नाही. त्यांची मातीची माणसं मुद्दामच लहान मुलाने केल्यासारखी ओबडधोबड. त्यांतून बाई स्त्री-पुरुषांच्या नात्याची खुशाल थट्टा करीत.

तुम्ही म्हणाल, त्यांना कुठे मुलंबाळं होती! खरं आहे. पण पैशाची ओढाताण होती, आणि १९३८ च्या पुरात राहतं घरही गेलं. तरी हात थांबले नाहीत.

१९६१ साली कमलादेवी चट्टोपाध्यायांच्या निमंत्रणावरून त्या भारतात आल्या. आपल्या साड्या नि चांदीचे दागिने त्यांना इतके आवडले, की पुढे कॅलिफोर्नियातल्या ओहाय गावीही त्या साडीच नेसत. शंभरी उलटल्यावरही त्यांचं काम चालूच होतं. १९९८ साली, १०५ व्या वर्षी त्या गेल्या.

तेव्हा भगिनी, चाळिशी म्हणजे त्यांच्या कामाचा पहिला दिवस होता, बरं का! जवळचा एखादा वर्ग शोधा, नाव घाला. पहिली किटली वाकडी झाली तर होऊ द्या.

आणि जाता जाता एक सूचना: अशी झळाळीची भांडी घरात असतील तर काथ्याने घासू नका. साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन मऊ फडक्याने टिपा. तो थर फार नाजूक असतो.